आप्पांची हाक

४ मार्च
कॉलेजात गेले. शिकवलं. परत आले. भूक नाही.

५ मार्च
दादाचा फोन. पुन्हा तेच— "आप्पांनी दोनदा हाक मारली! शेजारच्या काकूंना खाटेलगतच्या भिंतीपलीकडून ऐकू आली, आणि तू घरात असून—"
आजारात आप्पांचा आवाज पार बसला, म्हणून मीच त्यांच्या उशाशी माइक नि स्वयंपाकघरात स्पीकर लावला. आठ महिने साधं कण्हणंही ऐकू यायचं. ते गेले त्या सकाळी मी स्पीकरखालीच भाजी चिरत होते. काही नाही!
रडूही येत नाही. मनाचा दगड झालाय नुसता.

८ मार्च
आज माइक नि स्पीकरच्या मधला, आवाज मोठा करणारा डबा उघडला. आतला ट्रान्झिस्टर उलटा. एमिटरच्या पायाच्या जागी कलेक्टरचा पाय!
काढून मीटरवर लावला. सुलट— प्रवाहाची वाढ दोनशे चाळीसपट. उलट— चारपट.
ते जाण्याच्या दोन दिवस आधी खरखर येत होती म्हणून मीच तो काढून पुन्हा डाग दिला होता. घाईत फिरला असणार. वीस वर्षं हेच शिकवतेय.
डबा बंद केला. भांडी घासली.

१० मार्च
नेमका आज तोच धडा. फळ्यावर तीन थर काढले. एमिटरमध्ये मुद्दाम भरपूर भेसळ, म्हणजे इलेक्ट्रॉनची रेलचेल. मधला बेस कागदाहून कितीतरी पातळ. त्याला किंचित प्रवाह दिला की एमिटरमधून लोंढा सुटतो. बेसमध्ये अडकतात थोडेच, बाकीचे थेट पलीकडे कलेक्टरमध्ये. इवल्याशा प्रवाहाच्या तालावर मोठा प्रवाह नाचतो. आवाज मोठा होतो तो असा.
मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, उलटा लावला तर जळतो का?"
"नाही. कलेक्टरमध्ये भेसळ कमी, त्यामुळे जोर राहत नाही. पण चालतो. म्हणून तर कळत नाही."
खडू खाली ठेवला. हजेरी घेतली.

११ मार्च
आईला सांगितलं, चूक माझी. तिनं गॅस बंद केला. मग— "तुझ्या डागानं खरखर गेलीच नव्हती गं. ते गेले त्याच्या आदल्या दुपारी दादानं नवा ट्रान्झिस्टर आणून बसवला. म्हणाला, तिला सांगू नकोस, उगाच नाक मुरडेल."

१२ मार्च
दादाचा फोन. आवाज बारीक. "ते मशीन उघडून बघितलंस का गं?"
"टाकून दिलं," म्हटलं. "छान चालत होतं. माझंच लक्ष नव्हतं, दादा."