चाळणीचा सूड

१३ जानेवारी. सकाळी ६.१०
नवी वही. कारण एकच. सूड.

काल नोटीस बोर्डावर टीम लागली. ऑफिस विरुद्ध वर्कशॉप, फुटबॉल. मार्चअखेर मी रिटायर. म्हणजे ही शेवटची मॅच. या पंपांच्या कारखान्यात अकरा वर्षं मी डिस्पॅच सांभाळला आणि ऑफिसचा गोलही सांभाळला. आणि आता गोलकीपर कोण? तीन महिन्यांपूर्वी टपाल विभागात बदलून आलेला एक चष्मेवाला!

का, तर त्याचं आडनाव. दाराला आतून लावतात त्या अडसराचं आडनाव. साहेबांना हे वेडच आहे. पेपरातली कात्रणं टेबलाच्या काचेखाली लावून ठेवतात. वाऱ्याच्या नावाची धावपटू, माशाच्या आडनावाचा पोहणारा, पहाड आडनावाचा वेटलिफ्टर. म्हणाले की आडनावात असतं तेच अंगात उतरतं. माझं आडनाव चाळण्या विणणाऱ्यांचं. पूर्वजांनी चाळण्या विणल्या हा काय माझा गुन्हा? गेल्या वर्षी नऊ गोल झाले. त्यातले सात वाऱ्यामुळे.

त्या माणसाचं नाव या वहीत लिहिणार नाही. अडसर म्हणेन.

१४ जानेवारी
संकल्प: अडसरशी एक शब्द बोलायचा नाही. रोज वीस बैठका. (चार झाल्या. गुडघा.)

संध्याकाळी: बोललो. तोच आला. म्हणाला की काका, मला यातलं ओ की ठो कळत नाही. शाळेतसुद्धा आडनाव ऐकून मला गोलात उभं करायचे आणि मी रडायचो. गोलात काकाच हवेत असं साहेबांना दोनदा सांगितलं, ते ऐकत नाहीत. निदान तुम्ही शिकवाल का?
दोनदा सांगितलं म्हणे! ढोंगी.

१५ जानेवारी. पहाटे ५.००
सुचलं! शिकवणार. पण उलटं.

माझी एकेक खुबी उलटी करून त्याच्या गळी उतरवायची. मी किकच्या आधीच झेप घेतो. त्याला सांगायचं, चेंडू सुटेपर्यंत हलायचं नाही. मी समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून त्याला गार करतो. त्याने फक्त चेंडू बघायचा. मी एका हाताने, रुबाबात. त्याने दोन्ही हातांनी, तान्हं बाळ घ्यावं तसा पोटाशी. माणसाचं वाटोळं होणार. हाफ टाइमला साहेब माझ्या विनवण्या करत येतील. मी जरा वेळ लावीन.

२० जानेवारी
गोदामामागच्या भिंतीवर खडूने गोल आखला. मी मारले दहा, दहाही आत. त्याचा चष्माही पडला. फार दिवसांनी पोटभर जेवलो.

३० जानेवारी
दहापैकी सहा अडवले. मी हळू मारत असणार. मुळात मन मऊ, ते आड येतं.

७ फेब्रुवारी
नऊ. गोल लहान आखला गेलाय. आता पुसून कोण आखणार?
हिला योजना सांगितली. भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली की तुम्ही स्वतः कधी असं खेळून पाहिलंत का? हिला खेळातलं काही कळत नाही.

१४ फेब्रुवारी
अडसरने माझ्या गुडघ्याला पट्टा आणून दिला. उघडउघड लाच. पट्टा चांगला आहे. तरी सूड तो सूडच.

२२ फेब्रुवारी. सकाळी ७.००
आज मॅच. हीसुद्धा बघायला येणार. माझे हातमोजे पिशवीत घेतले. हाफ टाइमला लागतील.

संध्याकाळी ७.३०
लागले नाहीत.

एक-शून्य. ऑफिस जिंकलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. अडसरने सगळं अडवलं. पेनल्टीसुद्धा. पोटाशी.

बक्षिसाच्या वेळी त्याने मला हाताला धरून पुढे ओढलं आणि माइकवर सांगितलं की यातलं अक्षर न् अक्षर काकांनी शिकवलंय. टाळ्या. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की एवढं सगळं येत होतं, तर अकरा वर्षं स्वतः का नाही केलंत?

मी हातमोजे पिशवीत आणखी खाली दाबले. मग साहेबांनाच उत्तर सापडलं. आनंदाने ओरडले की चाळणी दुसऱ्याला चांगलं पीठ देते आणि कोंडा आपल्यापाशी ठेवते, आडनाव तंतोतंत आहे तुमचं! मैदान हसून लोळलं. सगळ्यात आधी ही हसली.

२३ फेब्रुवारी
सही घ्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. काचेखाली माझा फोटो लागलाय. पहाडाच्या शेजारी.

जेवणाच्या सुट्टीत गोदामामागे गेलो. एकटाच. चेंडू भिंतीवर मारला. भिंतीवरून सुटेपर्यंत हललो नाही. चेंडूकडेच बघत राहिलो. दोन्ही हातांनी पोटाशी घेतला.
आला आणि राहिला. दहापैकी आठ. गुडघा दुखत असताना.

फार राग आला. अडसरचा नव्हे. ज्याचा आला, त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही.