घुमटीखालची कमान

मंगळवार, ५ मे

पॅराबोला! आमच्या पुलाला पॅराबोला म्हणते!

फियामेत्ता जेवायला आली होती. माझी भाची, नगरपालिकेची नवी इंजिनियर. पेस्तो घातलेला पास्ता गार होतोय आणि ही पुलाच्या फोटोवर रेघा ओढतेय. कमानीवरचे चार-पाच बिंदू घेतले, त्यांतून समीकरण काढलं, झालं काम. बाजूंना तिचा वक्र चपखल बसतो, कबूल. पण माथ्याशी दगडी कमान त्याच्या वर निघते, टोकदार होते. तिथे काय, विचारलं. तर गवंड्याची चूक म्हणे. पूल पाचशे वर्षं उभा आहे आणि चूक गवंड्याची!

पुढे ऐका. माथ्यावरची मारियामातेची दगडी घुमटी शनिवारी क्रेननं उचलून संग्रहालयात नेणार. पुलावरचं ओझं हलकं होईल, असं हिनं सही करून दिलंय.

बुधवार, ६ मे

सिस्टर इमाकोलातानं दिलेली जपमाळ कपाटाच्या तळाशी सापडली. कॉन्व्हेंट सुटल्यापासून जप केलेला नाही, पण गणिताला उपयोगी पडली. वरची कडी उघडली, दोन्ही टोकं खिळ्यांना अडकवली, मागे पुलाचा फोटो उलटा चिकटवला; लोंबती माळ उलटी केली की तेच वजन पेलणाऱ्या कमानीचा आकार मिळतो. क्रूस काढला — माळ गोलसर झुलली, जवळजवळ भाचीचा पॅराबोला. क्रूस पुन्हा मध्यावर लावला — माळेला खाली टोक आलं. आणि उलट्या कमानीवर मणी न् मणी बसला!

म्हणजे मध्यावर वजन येणार हे गवंड्यानं धरलंच होतं. घुमटी हे ओझं नाही, ती कमानीला दाबून धरते. उचलली की माथा वर उसळणार.

गुरुवार, ७ मे

फियामेत्ताला भिंतीसमोर उभं केलं. आत्या आता जपमाळेनं पूल तपासते, म्हणून हसली. मग हसणं थांबलं. बराच वेळ क्रूस काढत-लावत राहिली.

"मी सही केलीय गं. पहिल्याच कामात चूक निघाली तर ठेवतील का मला?"

मी म्हटलं, पूल कोसळला तर ठेवतील का? फार लागेल असं बोलले. पण बोलले.

शेवटी ठरलं — माथ्याला मापक लावायचं आणि घुमटी आधी केसभरच उचलायची.

शनिवार, ९ मे

सगळं गाव नदीकाठी. क्रेननं घुमटी जेमतेम उचलली आणि मापकाचा काटा सरकला — माथा वर! सांध्यातून चुना झरला. फियामेत्तानं हात केला, घुमटी खाली टेकली, काटा जागेवर आला. पूल वाचला. नगराध्यक्षांनी पोरीला कारण विचारलं. सोमवारी सभेत खुलासा द्यायचाय.

रविवार, १० मे

चर्चमध्ये आमच्या पाद्र्यांनी, डॉन सिल्वेरियोंनी, प्रवचनात जाहीर केलं — मातेनं पूल सोडून जायला नकार दिला. चमत्कार! पहिल्या बाकावर नगराध्यक्ष डोळे पुसताहेत.

चमत्कार कसला, साधं गणित! मी तरातरा उठले. फियामेत्तानं बाही ओढली.

"बस ना, आत्या. चमत्काराचा खुलासा कुणी मागत नाही."

बसले. आमेन म्हटलं. चांगलं मोठ्यानं.