पाखाडीवरच्या खुर्च्या

कालाबियांका, सिसिली
४ जून १९८४

चि. गास्पारे यास,
आगाताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू ऑगस्टात माउलीच्या उत्सवाला येतोयस हे कळलं. तुझ्याकडून नव्हे, सावेरिओच्या सुनेकडून. ती बंदरावरच्या नव्या हॉटेलात काउंटरवर बसते. सकाळी पाव आणायला गेले, तर भर दुकानात चार बायकांदेखत तिने विचारलं की बेल्जियमचे गास्पारे तुमचेच ना, त्यांनी समुद्राकडची खोली घेतलीय. मला आधीपासून ठाऊक असल्यासारखी मी मान हलवली आणि पाव न घेताच घरी आले.

बहिणीचं घर गावात असताना भाऊ हॉटेलात उतरतो, असं कालाबियांकात कधी झालेलं नाही. ते माझ्यापासून सुरू होणार नाही. आणि हॉटेल तरी कुठलं? मासे खारवायची वखार होती ना, तीच. बाबांनी तिथे जन्मभर मांदेली मिठात दाबली. आईने राखेने घासघासून सदरे धुतले, तरी तो वास कधी गेला नाही. त्याच भिंतींआड आता तू झोपणार आणि पांढरे हातमोजे घातलेल्या पोराकडून कॉफी मागवणार. बाबा असते तर हसले असते. मला हसू येत नाहीये.

गच्चीखालची तुझी खोली मी चुना मारून ठेवलीय. वांगी यंदा उत्तम आलीत. समोरच्या पिनुच्चाशी अबोला कायम आहे. तिच्या कुंड्यांचं पाणी अजून माझ्या उंबऱ्यावरच गळतं.

कळावे. लोभ आहेच, पण तो टिकवायचा असेल तर खोली रद्द कर.
आगाताताई

*

शार्लरुआ, बेल्जियम
१९ जून १९८४

ती. आगाताताईस,
गास्पारेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आमची लेक इवेत इतकी हसली की तिचं बाळ जागं झालं. आत्या शेजारी राहत असत्या तर काय मजा आली असती, म्हणाली. तिला म्हटलं, शेजारी राहत असत्या म्हणजे कळलं असतं.

आता ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. खाणीतली धूळ माझ्या छातीत बसलीय. डॉक्टर तिला लांबलचक नाव देतात, आम्ही खाणवाले धूळच म्हणतो. सपाट रस्त्यावर मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो. चढ आला की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. इवेतने माझा पलंग खालच्या खोलीत आणलाय. पुढचा हिवाळा जड जाईल असं डॉक्टरांनी तिला सांगितलं, आणि मी दाराआडून ऐकलं. म्हणून येतोय.

मी निघालो तेव्हाची आपली पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी आठवते? खांद्यावर ट्रंक, तोंडाने शीळ, सगळी गल्ली बाल्कन्यांत. परत येईन तो मोटार घेऊन येईन, असं मी सावेरिओला ओरडून सांगितलं होतं. मोटार पायऱ्या चढत नाही हे तेव्हा सुचलं नाही. आता त्याच बायकांसमोर भिंत धरून धापा टाकायला मी येणार नाही. त्यांनी हळहळावं आणि मी ते ऐकावं, हे या जन्मी होणार नाही.

बंदराच्या कट्ट्यावरून आपली गच्ची दिसते. तू वर उभी राहा, मी खालून बघेन. मग तू खाली ये. घर बघायची काही हौस राहिली नाही असं लिहिणार होतो, पण तुला खोटं लिहायला हात धजत नाही. गच्चीवर बसून एकदा तुझ्या हातचं जेवायचं होतं. ते राहिलं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा, गास्पारे

*

कालाबियांका
३० जून १९८४

चि. गास्पारे यास,
अनेक आशीर्वाद.

आधी रडले, मग भांडी घासली, मग सावेरिओकडे गेले. हल्ली माउलीच्या पालखीच्या भोयांचा तोच मुकादम आहे. त्याला सांगितलं की उत्सवाच्या दिवशी तुझे भोई पालखी घेऊन आमचीच पाखाडी चढतात, तर त्याआधी माझ्या भावाला एका खुर्चीत बसवून वर आणा. तर तो छाती फुगवून म्हणतो कसा, भोयांचे खांदे माउलीचे आहेत, माणसाला मिळायचे नाहीत. लहानपणी वखारीतून मासे चोरताना याच सावेरिओला तू खांद्यावर घेऊन भिंतीवर चढवायचास, याची मी त्याला आठवण करून दिली. त्याने विषय बदलला.

ठीक आहे म्हटलं. खांदे माउलीचे असतील, पण तिच्या वाटेवर बाल्कन्यांवरून सोडायचे पलंगपोस आमचे आहेत. या वर्षी आमच्या पाखाडीवर एकाही बाल्कनीवर पलंगपोस लटकणार नाही. घराघरांतून सांगून आले. बायकांनी रुखवतात आणलेले, आयांनी डोळे फोडून विणलेले ते पलंगपोस ट्रंकेतच राहतील, आणि माउली उघड्या भिंतींमधून जाईल. सगळ्या तयार झाल्या. पिनुच्चाला मी विचारलं नाही.

पाद्रीबाबा समजूत घालायला आले होते. त्यांना बदामाचं सरबत दिलं आणि परत पाठवलं.

खोली रद्द कर. लोभाचं नंतर बघू.
आगाताताई

*

शार्लरुआ
१२ जुलै १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने मला खोकला येईपर्यंत हसवलं, आणि मग राग आला. मी काय माउली आहे मिरवत न्यायला? चार जणांनी माणसाला उचलायची एक वेळ असते. ती आली की मी तक्रार करणार नाही. पण ती येईपर्यंत मला कुणी उचलायचं नाही, सावेरिओने तर नाहीच. खुर्ची घेऊन भोई समोर आले तर आमच्या जावयाला, मिशेलला, मोटार तिथूनच वळवायला लावीन.

पलंगपोसांचं तुझं तू बघ. भांडण तुझं आहे आणि तुला ते शोभतं.

खोली रद्द केलेली नाही. वांगी मात्र खाली घेऊन ये.

लोभ असाच भांडत राहो.
गास्पारे

*

शार्लरुआ
१६ जुलै १९८४

ती. आत्यास,
इवेतचा सा. न. वि. वि.

बाबांना न सांगता हे लिहितेय. परवा बाळाला घेऊन दवाखान्यात गेले होते, परत आले तर बाबा आमच्या जिन्यावर बसलेले, ओठ निळे पडलेले. काय करत होतात विचारलं, तर म्हणाले की माळ्यावरची ट्रंक बघायची होती. ट्रंक कधीच खाली आणलीय. शेजारीण सांगते, मी बाहेर पडले की ते रोज जिना चढायचा सराव करतात.

आत्या, ते तुमचं गाव चढताहेत. डॉक्टरांनी प्रवासालाच जेमतेम होकार दिलाय, चढायला सक्त मनाई आहे. बाळामुळे मला येता येत नाही, मिशेल त्यांना मोटारीने आणतोय. हॉटेलातच राहा, मी खाली येते, एवढं तुम्ही त्यांना लिहा. ते फक्त तुमचं ऐकतात. मला भीती वाटते, म्हणून हात जोडून सांगतेय.

तुमची, इवेत

*

कालाबियांका
२५ जुलै १९८४

चि. इवेत हीस,
आत्याचे आशीर्वाद. बाळाला पापा.

तो माझं ऐकतो हे तुला कुणी सांगितलं? त्याने माझं ऐकलं असतं तर खाणीत गेला नसता. तू घाबरतेस हे बरोबर आहे, मीही घाबरलेय. पण खाली राहा असं मी त्याला लिहिणार नाही. घर वर आहे, आणि त्याला वर यायचंय. ते त्याने तुझ्या जिन्यावर बसून सांगितलंच की.

त्याला चढाची भीती नाही, पोरी. बघणाऱ्यांची भीती आहे. यावर मी आठवडाभर विचार केला आणि मला माझी आजी आठवली. तिच्या काळात बायका संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसत, पण पाखाडीला पाठ करून, तोंड भिंतीकडे. घरंदाज बाईने रस्त्याकडे बघायचं नसे. आम्ही ती रीत मोडली. आता सगळ्या रस्त्याकडे तोंड करून बसतात, कुणाच्या पिशवीत कुठला मासा ते मोजत. एक संध्याकाळ ती रीत परत आणायची असं मी ठरवलंय.

त्याला काही सांगू नकोस. लोकरीचा बनियन मात्र दे, गच्चीवर वारा असतो. आणि मिशेलला सांग, बरोबर चालायचं, हात द्यायचा नाही.

विश्वास ठेव. लोभ त्यातच आला.
आत्या

*

कालाबियांका
१७ ऑगस्ट १९८४

चि. इवेत हीस,
आशीर्वाद.

आधी मुद्द्याचं: तुझे बाबा बरे आहेत, वरच्या खोलीत घोरताहेत. आता बैस आणि वाच.

उत्सवाच्या दिवशी दुपार कलल्यावर मिशेलने मोटार वेशीपाशी थांबवली. गास्पारे वेशीतून वर बघायला आला, नुसतं बघायला. बघतो तर पाखाडीच्या पहिल्या दारापासून थेट आमच्या दारापर्यंत प्रत्येक घरासमोर दोन खुर्च्या. एकीवर बाई, पाखाडीला पाठ करून, हातात विणकाम नाहीतर बदाम सोलायचे. दुसरी रिकामी. एकही तोंड दिसत नव्हतं. सगळ्यात खाली मी बसले होते. किती बारीक झालाय, इवेत. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण मला रडू आलं होतं.

हा काय तमाशा, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, उकडतंय, बायका वारा खाताहेत, पाय दुखत असतील तर बस. बसला. मग त्याने तीस वर्षांत पाठवलेल्या पत्रांच्या त्रोटकपणाबद्दल मी इतकं बोलले, की तो उठून पुढच्या खुर्चीवर गेला. तिथल्या बाईने भिंतीशी बोलल्यासारखं विचारलं की बेल्जियममध्ये लिंबं मिळतात का. त्याला उत्तर द्यायला श्वास नव्हता. तिने वाट बघितली, एक ओळ विणली, मान वळवली नाही. मग तो म्हणाला की मिळतात, पण ती लिंबं नव्हेत.

असाच चढला. दारोदार बसत, कुठे लग्नाची बातमी ऐकत, कुठे कुणाच्या मरणाची. भिंत धरून उभा राहिला, खोकला, ओठही निळे पडले असतील, मला माहीत नाही. मी मागून येत होते, तरी बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. मिशेल खिशात हात घालून चालत होता, त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडलेला.

मला धास्ती होती ती आमच्या दारासमोरच्या शेवटच्या वळणाची. तिथे चढ सगळ्यात उभा, आणि दार पिनुच्चाचं. तिला विचारायला माझी जीभ रेटली नव्हती. वळणावर आलो तर पिनुच्चाच्या दारात तीन खुर्च्या. तिने वळून न बघता सांगितलं की एक पाहुण्याची, आणि एक जिच्या उंबऱ्यावर पाणी गळतं तिची. मी बसले. काय करणार, चढ खरंच उभा आहे.

तेवढ्यात खालून बँड वाजायला लागला. माउली बंदरावरून परत निघाली होती, आणि पाखाडी केवढीशी, ते तुला बाबांनी सांगितलंच असेल. पालखी गास्पारेच्या मागे येऊन अडकली. सावेरिओ खालून हाका मारू लागला की बाजूला व्हा, माउली खोळंबलीय. बायका जागच्या हलल्या नाहीत, माउलीलाही पाठच. पाद्रीबाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. तुझे बाबा पिनुच्चाच्या खुर्चीवरून, श्वास जमेल तसा, सावेरिओला म्हणाले की माउलीला घाई नाही, तिचा मुलगाही क्रूस घेऊन चढावर तीनदा पडला होता. यावर भोयांनी पालखी टेकवली. सावेरिओने टोपी काढली.

मग उरलेल्या चार पायऱ्या. आमच्या उंबऱ्यावर त्याने पाय ठेवला, तेव्हा मी खाली ओरडून सांगितलं. सगळ्या बायका एकदम उठल्या, आत गेल्या, आणि बाल्कन्यांवरून पलंगपोस सुटले. सावेरिओला वाटलं माउलीसाठी. वाटू दे.

गच्चीवर जेवला. वांगी खाल्ली, पास्त्यातला सार्डीन खाल्ला, मीठ कमी आहे म्हणाला. खाली ती हॉटेलची खोली दिसत होती. तिथे मिशेल झोपला, एकटा, समुद्राकडे.

बाकी तो स्वतः लिहिणार आहे. वाचून मला शिव्या देऊ नकोस. दिल्यास तरी लोभ राहील.
आत्या

*

कालाबियांका
१९ ऑगस्ट १९८४

चि. इवेत हीस,
बाबांचे खूप आशीर्वाद.

मिशेल सोमवारी निघतोय. मोटारीत तुझ्यासाठी लिंबं आहेत, आत्याने स्वतः भरलीत. मी नाहीये.

डॉक्टरांना सांग की चढायची मनाई मी मोडली. पण त्यांनी उतरायची परवानगी कुठे दिली होती? ती मी मागणारही नाही. माझा कोट, चष्म्याचं दुसरं घर आणि तुझ्या आईचा फोटो पाठव.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतंय, काल बाळाची आठवण येऊन जेवण गेलं नाही. पण इवेत, इतकी वर्षं मी जमिनीखाली उतरत राहिलो. प्रत्येक वेळी वर ओढून आणायला खाणीचा पाळणा लागला, आणि पाळणा दुसऱ्याचा असायचा. उत्सवाच्या दिवशी पहिल्यांदा माझा मी वर आलो. इथून मला आता कुणी खाली नेणार नाही. हिवाळ्याने यायचं असेल तर त्यानेही पाखाडी चढून यावं.

ईस्टरला बाळाला घेऊन ये. कडेवर घेऊन चढताना दमशील, दारात बसत ये. पिनुच्चाच्या दारात तिसरी खुर्ची अजून आहे, आत्या रोज संध्याकाळी तिथे बसून तिच्याशी भांडते.

लोभ वरच ठेवलाय. न्यायला तुला चढावं लागेल.
तुझे, बाबा