एका मिनिटात तुटणारी जोडणी

प्रति,
मा. तांत्रिक अधिकारी,
स्वरसेतू दूर-उपचार केंद्र, लोणावळा

अर्जदार : भिमाजी सखाराम ओव्हाळ, वय ७६, रा. खांडवाडी, आंदर मावळ

विषय : बोलण्याच्या उपचारात जोडणी आपोआप बंद होते, ती निदान तीन मिनिटे धरून ठेवणेबाबत.
संदर्भ : मदत-कक्षाकडे केलेल्या माझ्या पाच तक्रारी.

महोदय,

१. माझी पत्नी सौ. अंबूबाई हिला जूनमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली. दर गुरुवारी आपल्या ज्योत्स्ना मॅडम उपकेंद्रातल्या टॅबवरून तिला बोलायला शिकवतात. आमच्याकडे रेंज कमी, म्हणून चित्र बंद ठेवून नुसत्या आवाजावर.

२. मॅडमनी प्रश्न विचारला, की बरोबर एका मिनिटाने पडद्यावर ‘सुरक्षित जोडणी अनपेक्षितपणे बंद झाली’ असे येते. मदत-कक्षाचे प्रज्ञेश साहेब म्हणाले, “आबा, रेंजचा प्रॉब्लेम आहे.” म्हणून टॅब व अंबूबाई, दोघांना खुर्चीसकट टेकाडावर नेले. रेंज पूर्ण, जोडणी मिनिटात गेली. सिमकार्ड बदलले, टॅबची तारीख तपासली, अ‍ॅप काढून पुन्हा घातले. मिनिट काही हलले नाही.

३. चूक आमचीही. तिचा शब्द ऐकू जावा म्हणून नर्स सारिकाताईंनी ओट्यावरच्या बाया घालवल्या, दार लावले व मला दम दिला, “आबा, आता तुमी एक शब्द बोलू नका.” जितके गप्प राहिलो, तितकी जोडणी हमखास गेली. एकदाच टिकली. त्या दिवशी खिडकीशी निवृत्तीभाऊंची म्हैस रेडकासाठी रेकत होती.

४. गावात मला थापाड्या म्हणतात, ते योग्यच आहे. बेडशाच्या लेण्यात बिबट्याशी पत्ते खेळलो, हे चाळीस वर्षे सांगत आलो. ते खोटे आहे. पण परीक्षेसाठी तीच हकिकत प्रज्ञेश साहेबांना टॅबवरून अकरा मिनिटे ऐकवली आणि जोडणी तुटली नाही, हे खरे आहे. मग गप्प बसलो. साठाव्या सेकंदाला गेली. साहेबांनी तपासून कबूल केले, की आवाज नसला तर टॅब काहीच पाठवत नाही, आणि मिनिटभर काही आले नाही की मधला सर्व्हर टॅबपाशी कोणी नाही असे समजून दार लावतो. मिनिट वाढवायला आपली सही लागते.

५. मॅडमचा प्रश्न असा : “शेजारी कोण बसलंय, त्यांचं नाव सांगा.” चोपन्न वर्षांत अंबूबाईने माझे नाव एकदाही घेतलेले नाही. ‘अवो’ एवढ्यावरच संसार झाला. आता ती ते घेऊ पाहते. ओठ जुळायला पावणेदोन मिनिटे लागतात. दोनदा तिच्या तोंडून ‘भि’ निघाला, तेव्हा पलीकडे कोणी नव्हते. कागदावर मात्र दोन्ही वेळा ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद आहे. तिसरी झाली की उपचार बंद, असा आपला नियम. येता गुरुवार, दि. १३, तिसरा आहे.

६. पंखा लावून पाहिला. तो आवाज टॅब गाळून टाकतो. डबा वाजवला, तर ती दचकते व आलेला शब्द परत जातो. मी बोलत राहिलो तर जोडणी नक्की टिकेल. पण मी बोलू लागलो की ती थांबते. आयुष्यभर थांबत आली. म्हणून गुरुवारी मी गप्प बसणार आहे. तेवढा वेळ सर्व्हरनेही थांबावे, ही विनंती.

सोबत : सारिकाताईंच्या सहीची वेळांची वही, पाने सहा.

आपल्या सहीची वाट पाहणारा, नम्र
भिमाजी सखाराम ओव्हाळ
दि. ७ नोव्हेंबर २०२५