कपाटातल्या तेवीस मूर्ती आणि डीएमसाहेब

बरकतपुरा, हैदराबाद
रविवार

तीर्थरूप भागूआक्कास,

धाकट्या श्रीपतीचा सप्रेम जयभीम. दाजींनाही सांग (मोठ्यानं सांग, कानातलं यंत्र त्यांनी खिशात ठेवलं असेल). तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतेस, की नुसतंच शेजारणींना दाखवतेस? इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे नक्की काय ठीक आहे, ते मलाच कळेनासं झालंय, म्हणून हे पत्र.

शिवानीला नोकरीसाठी माझ्याकडे ठेवलंस तेव्हा तू हुकूम सोडला होतास, की पोरीवर लक्ष ठेव, काही वेडंवाकडं दिसलं तर फोन करू नको, ती ऐकेल, पत्र लिही. विजयादशमी झाली की मी स्वतः येऊन तिला नांदेडला घेऊन जाईन, असंही म्हणालीस. तर आक्का, दिसलं. पण वेडं आहे की वाकडं, ते माझं अजून ठरत नाही.

गेल्या महिन्यात एक पार्सल आलं. मला वाटलं माझी चप्पल, म्हणून फोडलं. आत स्पंजमध्ये खाचा पाडून अंगठ्याएवढ्या मूर्ती बसवलेल्या. तेवीस! रंग असे बारीक की भुवयासुद्धा काढलेल्या. एकाला शिंगं, एकीला पंख, एक नुसता ढेरपोट्या कुऱ्हाड घेऊन, आणि एकाला तीन डोकी, तिन्ही एकमेकांवर चिडलेली. मी मटकन खाली बसलो. अगं, आपण बावीस प्रतिज्ञांच्या घरातली माणसं! आबांनी देव्हारा काढून कोनाड्यात पुस्तकं ठेवली, आणि त्यांची नात कपाटात तेवीस देव आणून ठेवणार? बरं, देव तरी ओळखीचे असावेत! (शेजारच्या मुकुंदरावांना बोलावून दाखवले. ते सकाळ-संध्याकाळ पूजा करणारे. चष्मा लावून त्यांनी एकेक बघितला आणि म्हणाले, आमच्यात हे नाहीत.)

संध्याकाळी शिवानीला विचारलं, तर ती पोट धरून हसली. म्हणे, मामा, लाइट लो (म्हणजे मनावर घेऊ नका), ह्या मूर्ती नाहीत, मिनी आहेत, प्रीपेंटेड. म्हणजे रंग कारखान्यातच लावून येतो, घरी कुणी हात काळे करायचे नाहीत. मी म्हटलं, रंग कुणी लावला ते नंतर बघू, पूजा कोण करणार ते सांग. मग तिनं तासभर समजावलं. माझ्या डोक्यात शिरलं ते इतकंच की हा एक खेळ आहे, टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, आपल्या नावाची एक बाहुली पुढे सरकवायची. फासे आहेत पण जुगार नाही, लढाई आहे पण कुणी जिंकत नाही, आणि भुतं आहेत पण त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही. शेवटचं तेवढं मला पटलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला कशाला त्रास दिला असता? पण दोन दिवसांनी ती फोनवर बोलताना ऐकलं (मुद्दाम नाही, दाराआडून). डीएमनं मागच्या वेळी तिघांना मारलं म्हणे, डीएमच्या मनात आलं तर कुणीच वाचत नाही, आणि शनिवारी डीएम आपल्या घरी येणार. आक्का, मी एकतीस वर्षं बस डेपोत क्लार्क होतो. आमच्याकडे डीएम म्हणजे एकच, डेपो मॅनेजर! रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता साहेब घरी कशाला येतात? अंबरपेठच्या गाडीवर एकदा मी एकाच ड्रायव्हरची दोन ठिकाणी ड्यूटी लावली होती, ते तर उघडकीला आलं नाही? शनिवारपर्यंत मला धड झोप नाही. इस्त्रीचा शर्ट काढला, उस्मानिया बिस्किटं आणली, जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी तीन खुर्च्यांवरचे पेपर उचलले (त्या खुर्च्यांना रंग आहे हे दोन वर्षांनी दिसलं), आणि एक हार आणून फ्रिजमध्ये ठेवला.

दार उघडलं तर समोर दोन वेण्यांची एक काडीसारखी मुलगी. अश्विनी, चिक्कडपल्लीची, पाठीवर दप्तर. मागे दोन पोरं आणि शिवानी. मी विचारलं, साहेब खाली गाडीत आहेत का? शिवानी म्हणाली, मामा, हीच डीएम. गोष्ट चालवणाऱ्याला ह्यांच्यात तसं म्हणतात. हार हातात होता, आता काय करणार? घातला तिच्या गळ्यात. तिनंही तो रात्री निघेपर्यंत काढला नाही, पोरगी संस्कारी आहे.

मी आत निघालो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "अंकल, बैठो ना! हमारे पास क्लेरिक नहीं है." मला ऐकू आलं क्लार्क. म्हटलं, हौ, एकतीस वर्षांचा अनुभव आहे. मग काय, बसलो! मला पांढऱ्या झग्यातली एक बाहुली दिली. पुलावर तो तीन डोक्यांचा उभा, म्हणतो पुढे जायचं नाही. सगळी पोरं तलवारी काढायला लागली. मी म्हटलं, थांबा, ह्याला विचारा, रस्ता बंद करायचा लेखी आदेश कुठाय, आणि असेल तर तिन्ही डोक्यांच्या सह्या लागतील. अश्विनी हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग त्याची डोकी आपसात भांडायला लागली आणि आम्ही गुपचूप पार झालो.

पुढे एका गुहेत शिवानीची बाहुली पडली. खरंच आडवी ठेवली गं. मला म्हणाले, आता तुम्हीच उठवू शकता, हा वीस बाजूंचा फासा टाका. खेळ होता हे मला ठाऊक होतं, तरी फासा आधी शर्टाला पुसून घेतला. तुझी भावजय जयवंता शेवटची दवाखान्यात होती तेव्हा मी असाच बसलो होतो, पण तिथं माझ्या हातात काहीच नव्हतं. टाकला. वीस! त्याच्यापुढे आकडाच नाही म्हणे. शिवानी उठली आणि चौघंही एकदम "मामा" म्हणून असे ओरडले, की मुकुंदराव धावत आले. जयवंता गेल्यापासून ह्या घरात कुणी माझ्या नावानं ओरडलं नव्हतं. मी चहाच्या निमित्तानं आत जाऊन थोडा रडलो. लपवत नाही तुझ्यापासून.

त्यानंतर चार शनिवार झाले. अजून मला नियम कळत नाहीत, माझी पाळी कधी येते कळत नाही, मेलेला माणूस पुढच्या आठवड्यात चहा प्यायला कसा येतो तेही कळत नाही. तर अहवाल असा, की संगत चांगली आहे, पोरं भरपूर खातात, देवधर्म आढळला नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
श्रीपती

ता.क. देवधर्म आढळला नाही, ते वाक्य खोडून वाच. क्लेरिक म्हणजे क्लार्क नव्हे, पुजारी, हे मला काल कळलं. महिनाभर मी पुजारी होतो! रातोरात कुंड्यांच्या गेरूनं त्याच्या झग्याचं चीवर केलं. प्रीपेंटेड होता, पण आमच्या घरात तसा चालणार नव्हता. आता तो भिक्खू आहे. हे समाजमंदिरात बोलू नकोस.

ता.क. २ पोरीला नेऊ नकोस, आक्का. तुझे पाय धरतो. तिला राहायचंय म्हणून नव्हे, तिला मी विचारलंसुद्धा नाही. मलाच खुर्च्यांवर परत पेपर ठेवायचे नाहीत.

ता.क. ३ आई, मी शिवानी. मामाने पत्र टेबलवर ठेवलं होतं. त्यांचं अक्षर लावत एक तास लागला वाचायला, अर्धं समजलं. मला पाठवताना तू म्हणाली होतीस ना, श्रीपतीवर लक्ष ठेव, तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, फोन करू नको, तो ऐकेल? म्हणून तर गेम घरी आणला. आता दोन भाकरी खातात आणि दिवसभर बोलतात. दोघांना एकमेकांवर लक्ष ठेवायला लावून तू तिकडे आरामात बसलीस ना! विजयादशमीनंतर ये, पण शनिवारी ये. चौथी डायनिंग चेअर तुझी, पोरं स्टूलवर बसतील. तीन डोक्यांचा मिनी तुझ्यासाठी ठेवलाय, डीएम म्हणाली तो आता आपल्या बाजूचा झाला.