सत्कारात राहिलेलं गाणं

आण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज बसले, कारण परवा जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. माईक हातात धरून माणसांची नावं पुकारण्यात तुमची हयात गेली. लग्न असो, जत्रा असो, नाहीतर पतसंस्थेचं उद्घाटन असो, तुमच्या आवाजाशिवाय तालुक्यात कुणाच्या खांद्यावर शाल पडत नव्हती. तेव्हा या बाबतीत तुमच्यावर चिडायचा मला हक्क आहे. आधी सगळं ऐकून घ्या, मग बोला.

आपल्या जुन्नरच्या चार पोरांचा तो बँड आठवतो का? गाणी सगळी मराठी असायची, तरी तुम्ही त्याला ‘इंग्लिश बँड’ म्हणायचात, कारण पोरांचे केस मानेवर आणि गळ्यात गिटार. उसात शिरलेल्या बिबट्यावर त्यांचं एक गाणं होतं. सुरुवातीला नुसती एक गिटार, हळू, दबकत दबकत, आणि मग सगळा ड्रम अंगावर यायचा. नारायणगावला कॉलेजात असताना ते गाणं मी आणि तुमच्या जावयांनी पहिल्यांदा शेजारी उभं राहून ऐकलं. तेव्हा ते तुमचे जावई नव्हते, आणि ही गोष्ट तुम्हाला आजच कळते आहे. पुढे त्या चौघांचं बिनसलं. एक पुण्यात कंपनीत लागला, एक दुबईला गेला, उरलेल्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं. तुमचे जावई मात्र दरवर्षी द्राक्षाचा हंगाम संपला की म्हणायचे, एक दिवस येतील बघ परत. मी हसायचे. तर परवा ते खरंच आले, नारायणगावात, एका मंडळाच्या वर्धापनदिनाला, चौघंही एका स्टेजवर.

आता तुम्हाला ठाऊक नसलेली दुसरी गोष्ट. तुमच्या जावयांचे कान गेलेत. निमगाव सावाच्या द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून किती वर्षं फिरले, कानात साधा कापूससुद्धा कधी घातला नाही. मी सांगायचे तेव्हा म्हणायचे, फवारणी कानानं करायची असती का? डावा कान केव्हाच बंद पडला. उजवा आहे, पण रोज थोडा कमी होतोय. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मशीन लावल्यावर बोलणं कळेल, गाणं मात्र पूर्वीसारखं येणार नाही, आणि हा कान फार दिवस टिकेल असं धरून चालू नका. परतताना नारायणगावच्या चौकात त्या कार्यक्रमाचा फ्लेक्स दिसला तेव्हा यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, “येवढं बिबट्याचं गाणं कानात भरून घेतो. मग गेला कान तर गेला.” आपल्या हातात काही नाही हे मला रोज सकाळी नव्यानं कळतं, चहा झाला म्हणून दोनदा हाक मारून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते तेव्हा.

आम्ही दिवेलागणीलाच जाऊन बसलो. उजवा कान स्पीकरच्या बाजूला येईल अशा खुर्च्या यांनी हेरून धरल्या. चौघं स्टेजवर आले, एकाचं पोट सुटलेलं, एकाला टक्कल, आणि पहिली गिटार वाजली तसे हे माझा हात धरून बसले. दोन गाणी झाली आणि निवेदक आला. आण्णा, तो तुमचीच नक्कल करतो. तेच थांबणं, तेच ‘यथोचित सन्मान’, नावाआधी आवाज खाली आणि नावावर एकदम वर. सरपंच, माजी सरपंच, आडते, टोमॅटोचे व्यापारी, मैदान ज्यांचं ते, जनरेटर ज्यांचा ते. मग एक गाणं. मग पुन्हा शाली. दहाला आवाज बंद करावा लागतो हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बिबट्याचं गाणं शेवटी ठेवलंय असं गायकानं सांगितलेलं, त्यामुळे प्रत्येक नारळागणिक मी टेबलावरच्या उरलेल्या शाली मोजत होते. यांना निवेदनातले शब्द उमगत नव्हते. ते सारखे माझ्याकडे वळून विचारत, आता काय? मी त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून सांगत होते, सत्कार.

आपल्या गावच्या जत्रेत तुम्ही हेच केलं होतंत. बँड बिबट्याच्या गाण्यात पुरता शिरलेला, आणि उशिरा आलेल्या पाहुण्यांसाठी तुम्ही हात वर करून तो थांबवलात. मागून एक पोरगा म्हणाला, आण्णा, गाणं तरी होऊ द्या. तुम्ही माईकवरूनच विचारलंत, कुणाचा रे तू? पुढे त्यालाच मुलगी दिलीत. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी धुसफुसत तुमच्यापुढे चहा आदळला तर तुम्ही बशीत ओतता ओतता म्हणालात, “गाणं काय, उद्या बी वाजंल. माणसाचं नाव राह्यलं तर त्यो मरंपर्यंत इसरत न्हाई.” त्या जत्रेत तुमच्याकडून मंडपवाल्याचं नाव राहिलं होतं. चहा पिऊन तुम्ही पिशवीत शाल-नारळ घातला आणि सायकल काढलीत. आई म्हणाली, त्या माणसाच्या ध्यानात तरी असंल का? तुम्ही म्हणालात, “त्याच्या बायकोच्या असंल.” मला तुमचा तेव्हा राग आला होता आणि तुम्ही फाटकातून बाहेर पडताना तुमच्यावर मायाही आली होती. दोन्ही अजून तशीच आहेत.

तर परवा त्या निवेदकानं मला ओळखलं. तालुक्यातल्या निवेदनाचे पहिले धनी म्हणून तुमचं नाव घेतलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि त्यांची कन्या आज आपल्यात आहे म्हणाला. मी मान हलवून नको नको केलं. पण शाल नाकारणं म्हणजे देणाऱ्याचं तोंड भरसभेत पाडणं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. दोन बायकांनी मला दंडाला धरून वर नेलं. यांना उठवून पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं, मानाचे म्हणून, आणि तिथं स्पीकर नेमका डाव्या अंगाला आला. शाल झाली, नारळ झाला, फोटोवाल्याला फोटो नीट मिळाला नाही म्हणून पुन्हा तीच शाल, तोच नारळ. बँडचे चौघं मागे उभे, ड्रमवाला काड्या काखेत धरून. मग निवेदक म्हणाला, ताई, दोन शब्द. आणि माईक माझ्या हातात दिला.

मी बोलले, आण्णा. तुमच्याबद्दल बोलले. मंडपवाल्याची आणि सायकलची गोष्ट सांगितली. लोक हसले, म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या, म्हणून तुमच्याबरोबर फिरणाऱ्या माणसांची नावं घेतली, मग कुणी राहू नये म्हणून आणखी घेतली. खाली उतरले तेव्हा जिन्यापाशी पोलीस साहेब उभे होते. भला माणूस, दहा वाजले म्हणून हात जोडून उभा होता. गायकानं फक्त ‘बिबट्या’ एवढंच म्हटलं आणि मैदान उठून उभं राहिलं. गिटारचे पहिले चार-दोन सूर आले असतील नसतील, आवाज बंद झाला.

कुणी भांडलं नाही. थोड्या शिट्ट्या पडल्या. मग पोरांनी तसंच, माईकशिवाय गाणं धरलं आणि सगळं मैदान त्यांच्याबरोबर म्हणायला लागलं. हे सोफ्यावरून उठले, उजव्या कानामागे तळवा धरून लोकांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला म्हणाले, “चालू झालं का?” मी मान हलवली. मग मला काही सुचेना, त्यांच्या कानाशी जाऊन मीच ते शब्द म्हणायला लागले. मला गाता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन ओळी त्यांनी ऐकून घेतल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “राहू दे.” त्या दोन शब्दांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना पिकअप तेच चालवत होते. गाडीत माझ्या बाजूला त्यांचा बंद कान येतो, त्यामुळे ते बोलतात आणि मी नुसती मान हलवते. म्हणाले, कळलं काही नाही, पण तू वर अगदी आण्णांसारखी उभी होतीस, बघायला बरं वाटलं. फाटा आल्यावर पुन्हा म्हणाले, “मी खालून घड्याळ दावत व्हतो तुला. दिसलं नसंल, लाईट लई व्हती डोळ्यावर.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे बागेत गेले. त्या गाण्याचं नाव त्यांनी परत काढलं नाही, मीही काढलं नाही.

हा कागद कुठे पाठवायचा? आणि घरात ठेवला तर त्यांच्या हाती लागेल, म्हणून संध्याकाळी चुलीत घालणार आहे. पण तुमचा जन्म स्टेजवर गेला, तुमच्यापाशी खोटं चालायचं नाही. लाईट कितीही डोळ्यावर असली तरी पहिली रांग दिसते, आण्णा. त्यांनी मनगट वर करून दोनदा घड्याळावर बोट ठेवलं, ते मला स्वच्छ दिसलं होतं.