मागच्या दारापुढची रांगोळी

प्रिय दादा,

पलूसच्या घरात तू आमच्यासाठी खोली रंगवून ठेवलीस. "गाडी इका आता. उंबरा न्हाई त्याला घर म्हणायचं व्हय गं?" असं फोनवर म्हणालास.

यांनी फौजेत ट्रक चालवला, आता आमचं घर चालवतात. गाडीतच शेगडी, गाडीतच अंथरूण. मुक्काम कुठंही असो, सकाळी मी मागच्या दारापुढे रांगोळी काढते आणि हे गाडी पुढे काढतात.

काल पाचगणीत रांगोळी काढताना गाडी कुठं तोंड करून उभी आहे ते बघायला मी विसरलेच. गाडीचं तोंड कठड्याला होतं. निघायचं तर रांगोळीवरूनच मागे यावं लागणार होतं. यांनी इंजिन बंद केलं.

मागून जागेसाठी थांबलेला टॅक्सीवाला ओरडला, "काका, पुसा की ती!"

"आरं, माझ्या घराचं दार हाय ते," हे म्हणाले. "आज मुक्काम हितंच."

मी पुन्हा चहा ठेवला. टॅक्सीवाल्यालाही दिला.

हे लिहून तुला पटायचं नाही, म्हणून पत्र पाठवत नाही. दिवाळीला येऊ, तेव्हा समोरच सांगेन: खोलीत पाहुण्यांना झोपव. आमची गाडी अंगणात राहील. सकाळी हाक मारायला येशील तेव्हा दारापुढे पाय जपून टाक.

तुझी धाकटी,
मालन